पक्क्या भाजणीचं मडकं

(चैत्रातली सकाळ. खर्ड्याजवळची एक वस्ती. सहा महिने बायको पुष्पावतीसह ऊसतोडीला गेलेला आसाराम कालच घरी परतला आहे. अंगणात कमरेइतकी लिंबोणी, तिच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, शेजारी एक सपाट धोंडा. आसाराम आणि त्याची आई कडूबाई.)

आसाराम : हसू नगं, आई. तीन सालं झाली, कारखान्यावरनं यावं तर दारात नुसती वाळकी काटकी. दर साली नवं रोप, दर साली काटकी. आन औंदा बघ, कशी हिरवीगार! कशानं? मडक्यानं.

कडूबाई : मी कुठं हसले? चहा घे, निवतोय.

आसाराम : तिकडं फडावर, कोपीकोपीत, झोपडीझोपडीत समद्यांना सांगितलंय मी. आपल्या वस्तीवरचा गोरक्षनाथ म्हनत हुता, ठिबकच्या नळ्या घे. आरं, नळ्या कशाला लावू, दारात नळ तर पायजे! दुसरा म्हनला, सलाईनच्या बाटल्या टांग झाडाला. म्हनलं, झाड हाय का पेशंट? मेळाव्यात शेतीच्या सायबानं सांगितलं तेच खरं. मडकं गाडायचं, आठ दिसाला एकदा भरायचं, ते आपलं आपलं मुळाशी पाझरत राहतंय. गोरक्षनाथाला बोलवलंय बघाया.

कडूबाई : कवा?

आसाराम : आत्ता. येतच असंल.

कडूबाई : त्याला कशाला? झाड काय, रस्त्यावरनं बी दिसतंय.

आसाराम : मडकं दिसत न्हाई ना! झाकन काढून दावतो त्याला.

कडूबाई : झाकन नगं काढू.

आसाराम : का गं?

कडूबाई : इच्चू बसत्यात त्याच्याखाली.

आसाराम : आन सहा महिने तू भरत हुतीस तवा न्हाई बसले? सरक जरा... आं? काठोकाठ हाय की. कालच भरलं का?

कडूबाई : भरलं असंल.

आसाराम : असंल म्हंजी? हिरवं शेवाळ धरलंय, वास मारतंय. आई, हे कवा भरलं?

कडूबाई : चहा निवला तुझा.

आसाराम : आई!

कडूबाई : तू जायच्या दिशी तूच भरलंस. त्येच पानी हाय. उन्हानं चार बोटं उतरलं, तेवढं मी वरनं घातलं.

आसाराम : पाझरलंच न्हाई?

कडूबाई : थेंब न्हाई. पंधरा दिस वाट बघितली. मग बाजारात छगन कुंभाराला इचारलं, तर त्यो पोट धरून हसाया लागला. म्हनला, मावशे, पाझरनारंच मडकं दिलं हुतं मी. तुझा लेक भांडून परत करून गेला.

आसाराम : ते गळत हुतं! पानी ओतलं तर भायेरनं समदं वलं. म्हनलं, गळकं मडकं माझ्या गळ्यात मारतो व्हय रं? म्हनून ते परत केलं आन वाजवून वाजवून पक्क्या भाजनीचं आनलं. कसं टनटन वाजत हुतं.

कडूबाई : वाजतंय ते चांगलंच.

आसाराम : सायेब म्हनला हुता, कच्च्या भाजनीचं घ्या. मला वाटलं, सायबाला मडक्यातलं काय कळतंय... पर तुला कळलं हुतं ना? मग फोडायचं हे, दुसरं गाडायचं.

कडूबाई : लेक परमुलखात, आन मी माझ्या हातानं दारात मडकं फोडू? कुनी मेल्यावर फोडत्यात बाबा मडकं. तसलं बोलू बी नगं.

आसाराम : मग लिंबोनी जगली कशी?

कडूबाई : पान्यानं.

आसाराम : कुठल्या?

कडूबाई : हापशाच्या.

आसाराम : ओढ्यापल्याडच्या? ह्या गुडघ्यानं?

कडूबाई : प्यायची घागर शेजारची जयमाला आनून द्यायची. वापरायची एक कळशी मी आनायचे. एकच खेप. दुसरी न्हाई जमली कवा.

आसाराम : एका कळशीत तुझी आंगूळ व्हनार, का झाडाचं पानी?

कडूबाई : दोनी.

आसाराम : दोनी कसं?

कडूबाई : त्यो धोंडा वळखला न्हाईस?

आसाराम : न्हानीतला... त्यो हितं कुनी आनला?

कडूबाई : जयमालानं आन मी, ढकलत ढकलत. कोंबड्याच्या आधी उठायचं, आडोशाला लुगडं बांधायचं त्या खुटीला आन ह्या दावनीच्या मेखंला, बसायचं धोंड्यावर. अंगावरचं पानी सरळ आळ्यात. त्यात काय एवढं? कुनी उठल्यालं नसतंय तवा. एकदाच काय त्यो दूधवाला आला, त्यानं बी मान खाली घातली बिचाऱ्यानं.

आसाराम : उघड्यावर... साठीच्या बाईनं...

कडूबाई : हळू बोल. पुष्पावती हापशावरनं येईल आता. तिला बी सांगितलं न्हाई मी.

आसाराम : मला सांगायचं की! मुकादमाकडं निरोप धाडायचा.

कडूबाई : आला हुता मुकादम, संक्रांतीला. म्हनला, आसारामनं लिंबोनीचं इचारलंय. म्हनलं, सांग, हिरवी हाय. दुसरं त्यानं काय इचारलंच न्हाई.

आसाराम : मी बी तेवढंच इचारलं हुतं.

कडूबाई : चहा दे हिकडं, गरम करते.

आसाराम : मी जायच्या म्होरं धरनीकंप झाला, त्यात न्हानीची भिंत पडली. तू म्हनलीस, जायच्या आधी चार दगड रच. मी म्हनलं, टाइम न्हाई, आल्यावर बघू. आन ह्या मडक्याला दोन दिस खड्डा खांदत हुतो. तुझी लेक सत्यशीला तुला तिच्या घरी कर्जतला न्यायला आलेली, तिला बी मीच माघारी लावलं. लिंबोनीला कोन बघल म्हनलं. लाज वाटती मला आई. तुझ्याकडं बघवंना.

कडूबाई : नगं बघू मग. झाकन ठेव आधी, गोरक्षनाथ आला. मडक्यानंच जगली म्हन. आन धोंड्याचं त्याला बोलायचं न्हाई, सांगून ठेवते.

गोरक्षनाथ : काय आसाराम! आं, लिंबोनी तर खरंच जोरात हाय गड्या. काकी, तुमच्या लेकाच्या मडक्यानं आमच्या ठिबकचं नाक कापलं म्हना की.

कडूबाई : व्हय बाबा. मडक्यानंच.

आसाराम : न्हाई.

कडूबाई : आसाराम...

आसाराम : मडकं काठोकाठ भरल्यालं हाय, गोरक्षनाथ. ये, बघ. सहा महिन्यात थेंबभर पाझरलं न्हाई. कच्चं सांगितलं हुतं, मी पक्कं आनलं. आईनं डोक्यावर पानी आनून जगवली. ओढ्यापल्याडनं.

गोरक्षनाथ : आरं तिच्या! आन समद्या कोपीला मडकं मडकं करून आलास?

आसाराम : व्हय. जा, सांग समद्यांना. हसू दे.

गोरक्षनाथ : न्हाई सांगत लेका. रोज, काकी? त्या चढानं?

कडूबाई : एकच खेप हुती. चहा टाकू का तुला?

गोरक्षनाथ : नगं. मग आता काय करतोस आसाराम? ठिबक घे मुकाट्यानं.

आसाराम : न्हानी बांधतो.

गोरक्षनाथ : मी झाडाचं इचारतोय.

आसाराम : मी बी झाडाचंच सांगतोय. चार भिंती घालतो, तळाला फरशी, आन फरशीखालनं नळी काढून सरळ लिंबोनीच्या आळ्यात. आईची आंगूळ झाली की झाडाचं पानी झालं.

गोरक्षनाथ : हे मातर बेस हाय. ना भरायची कटकट, ना पाझरायची. तुला सुचलं व्हय रं हे?

आसाराम : मला कसलं सुचतंय.

गोरक्षनाथ : माझ्याकडं जाड नळीचा तुकडा पडलाय, आठ-दहा फुटांचा. आनून देतो. येतो काकी.

कडूबाई : ये बाबा.

आसाराम : दुपारनं दगड गोळा करतो. आजच न्हानीचा पाया खांदतो. ऐकलंस का, आई?

कडूबाई : ऐकलं. आसाराम...

आसाराम : काय?

कडूबाई : दार असंल ना रं तिला?