मागच्या फाटकातून निघालेली गाडी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांच्या थिएटरात आपण सगळे माईंसाठी रांगा लावून उभे राहिलो. व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, म्हणजे माईंचे चिरंजीव, ज्यांची आई आम्ही न विचारता आपसांत वाटून घेतली. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांचे चष्मेवाले काका. पहिल्या रांगेतून मघापासून मला 'आटोपतं घे' अशी खूण करणाऱ्या काकू. आणि माईंवर जीव टाकणाऱ्या तमाम बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी बेकरी चालवते. माझा दिवस भट्टीसमोर जातो आणि भट्टीला भाषण लागत नाही. त्यामुळे सवय नाही, सांभाळून घ्या. काका आता मुलीकडे राहायला चालले, म्हणून हा निरोप. आत्तापर्यंतच्या वक्त्यांनी माईंच्या चाहत्यांच्या या मंडळाचा इतिहास फार सुंदर सांगितला. काकांच्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, डोळे तपासायच्या तक्त्याखाली दाटीवाटीने बसून माईंचे सिनेमे कसे बघितले, काकूंनी किती पातेली चहा उकळला, सगळं आलं. पण एक प्रसंग प्रत्येकाने अगदी शिताफीने टाळला. का टाळला ते मला ठाऊक आहे. तो माझ्या घरचा आहे, आणि माझी आई इथे तिसऱ्या रांगेत बसलेली आहे. तेव्हा तो मीच सांगते. आईच्या परवानगीने सांगते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे काकांचा जीव वरखाली व्हायला नको.

माईंबद्दल मी नव्याने काय सांगू? नायक बदलले, नायिका बदलल्या, पडद्यावरची आई मात्र तीच. कितीही मोठं संकट येवो, मुलगा तुरुंगातून सुटून येवो की परदेशातून, माई दार उघडून पहिलं काय विचारणार? "जेवलास का?" आपले टॅक्सीवाले दादा मला एकदा म्हणाले, "ताई, मी वसतिगृहात वाढलो. हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला, तर पडद्यावरच्या माईंनी. मी थिएटरात मोठ्यांदा 'नाही' म्हणालो होतो." आणि आपल्या पार्लरवाल्या ताई? त्यांची आई त्या लहान असतानाच गेली, वडिलांना वेणी घालता येईना. एका सिनेमात माई लेकीची वेणी घालतात, तेवढा भाग बघायला ही पोर पुन्हा पुन्हा तिकीट काढायची. तिथून ती केसांना हात लावायला शिकली. आज शहरातल्या निम्म्या नवऱ्यामुली त्यांच्या हातून सजून निघतात.

मला मात्र तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. खरं सांगू? मला हे खूळ वाटायचं. ज्या बाईला आपण कधी भेटलो नाही, जिला आपलं नावसुद्धा ठाऊक नाही, ती गेली म्हणून रडायचं? रडायला घरची माणसं कमी आहेत का?

आता माझ्या घरच्या माणसाकडे येते. माझे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. हात सोन्याचा, पण जीभ तिखट. कुणी काही सांगितलं की पहिला शब्द "नाही होणार". मग तासाभरात तेच काम करून मोकळे. पण लोकांच्या लक्षात ते "नाही होणार" राहायचं, झालेलं काम नाही. सख्ख्या भावाशी बोलणं बंद. कामावरच्या मंडळींशी उभा दावा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी जिन्यातल्या चपलांवरून कायमची जुंपलेली. आम्हाला त्यांनी काही कमी पडू दिलं नाही, पण दोन गोड शब्द काढायला त्यांना जड जायचं.

ते गेले, ते नेमके माई गेल्या त्याच सकाळी, त्याच हॉस्पिटलात.

आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. मी म्हटलं, "कुणाकुणाला कळवायचं?" ती म्हणाली, "कळवून येणार कोण?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. शेवटी आम्ही किती जण? आई, मी, आणि ते चपलांवरून भांडणारे खालचे शेजारी. हो, ते आले. शर्टाची बटणं वरखाली लावलेली, तसेच आले. खांदा द्यायला चौथा माणूस नव्हता. शववाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, "काळजी करू नका, मी धरतो एका बाजूने."

हॉस्पिटलच्या पुढच्या फाटकावर माईंसाठी मुंगीला शिरायला जागा नव्हती. वॉचमन म्हणाला, "तुम्ही मागच्या फाटकाने काढा गाडी." आम्ही बरं म्हटलं.

आता त्याच वेळी दुसरीकडे काय चाललं होतं बघा. माईंच्या चिरंजीवांनी काकांना फोन करून ठेवला होता, की गर्दी फार आहे, आईला मागच्या फाटकाने गुपचूप नेतो, मंडळाच्या माणसांनी तिथे यावं. केवढा हा विश्वास! काकांनी सगळ्या मंडळाला मागच्या बाजूला आणून उभं केलं. आणि ऐन वेळी चिरंजीवांनी खिडकीतून पुढची गर्दी पाहिली. सकाळपासून उन्हात उभी असलेली माणसं, हातातली फुलं कोमेजून गेलेली. त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "नको, आईला पुढूनच न्या. बघू दे यांना." त्या धांदलीत काकांना कळवायचं राहून गेलं. साहेब, मान खाली घालू नका. तुमच्या जागी आम्हीही तेच केलं असतं.

तर मागचं फाटक उघडलं आणि आमची गाडी बाहेर आली.

आणि तिच्यावर फुलं पडायला लागली. आधी एक, मग ओंजळी, मग आभाळ फाटावं तशी. "माई! माई!" म्हणून माणसं काचेला हात लावत होती. मोठमोठे पुरुष हमसून रडत होते. आईने माझं मनगट घट्ट धरलं. "ही कोण गं माणसं?" मी म्हटलं, "बाबांच्या कामावरची असतील. लिफ्टवाले." आई म्हणाली, "एवढ्या बायका?"

सगळं मंडळ गाडीमागे स्मशानापर्यंत आलं. कुणी टॅक्सीत, कुणी स्कूटरवर, बरेचसे चालत. तिथे खाली उतरवलं, चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं, आणि सगळ्यांत पुढे उभे होते चष्मेवाले काका. त्यांनी बघितलं. चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. मिशा तशाच होत्या.

हसा, हसा. आज हसायला हरकत नाही. जन्मभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या माणसावर ही वेळ आली होती.

पण तेव्हा कुणी हसलं नाही. मागून कुजबुज वाढली. पार्लरवाल्या ताई पुढे आल्या. "काका, चुकलं! चला लवकर. अजून वेळ आहे, निघालो तर गाठू माईंना." आणि खरंच वेळ होता. काका तेव्हा निघाले असते तर त्यांना माईंचं शेवटचं दर्शन झालं असतं. ज्या बाईसाठी या माणसाने दुकानाची निम्मी जागा दिली, रविवार दिले, तिला निरोप द्यायची ती एकच संधी होती. त्यांनी जावं, यात चूक काय होती? आम्ही कोण त्यांचे?

काका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "तुमचे कोण?"

"वडील."

"बाकीची मंडळी यायची आहेत का?"

"नाही. एवढेच आहोत."

त्यांनी आईकडे पाहिलं. ती जरा लांब, फुलांकडे बघत उभी होती. मग मला म्हणाले, "काय करायचे हो?"

"लिफ्ट दुरुस्त करायचे."

काका वळले. त्यांचे शब्द इथल्या कित्येकांनी ऐकलेले आहेत, चुकले तर दुरुस्त करा. ते म्हणाले, "मंडळी, आपली गाडी चुकली. ज्यांना माईंकडे जायचंय त्यांनी खुशाल जा, मी कुणाला अडवत नाही, आणि मनात राग धरणार नाही. पण मला सांगा, इथे असा कोण आहे जो कधी लिफ्टमधून गेला नाही? या माणसाने आपल्याला न बघता, न ओळखता, इतक्या वेळा सुखरूप वर नेलं आणि परत खाली आणलं. आज हे एकटेच वर चाललेत. मी पोचवायला थांबतो."

निम्मी माणसं गेली. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचं दुःख खरं होतं. पार्लरवाल्या ताई तर तणतणत गेल्या. निम्मी थांबली. टॅक्सीवाले दादा चौथा खांदा द्यायला पुढे झाले, ड्रायव्हरला म्हणाले, "तुम्ही सरा, हे माझं काम." आणि मंडळाने माईंसाठी त्यांच्या सिनेमातली अंगाई बसवली होती ना? ती माझ्या बाबांसाठी म्हटली. तिखट जिभेच्या, पांढऱ्या मिशांच्या त्या माणसासाठी एवढी माणसं अंगाई म्हणत होती. सुरात नव्हती, पण मनापासून. आणि माझी आई, जी सकाळपासून दगडासारखी उभी होती, ती तिथे खाली बसली आणि रडली. मीही रडले. शेजारी तर आमच्यापेक्षा मोठ्यांदा रडले. मला पहिल्यांदा समजलं, की अनोळखी माणसासाठी रडणं हे खूळ नाही. कुणीतरी तसं रडलं, म्हणून आमच्या घरचं रडणं मोकळं झालं.

निघताना काका मला म्हणाले, "आईंना काही सांगू नका. त्यांना वाटतंय तसंच वाटू दे." आणि इतकी वर्षं त्यांनी हे जपलं. मी मंडळात आले, आईला आणायला लागले, तेव्हा त्यांनी एकेकाला बजावलं, तो विषय काढायचा नाही. स्वतःचं मात्र कधी बोलले नाहीत. मला ते काकूंकडून कळलं. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस काकांनी दुकान उघडलं नव्हतं. काकूंना एवढंच म्हणाले होते, "बघायच्या राहिल्या गं."

आता काका, नीट ऐका. हे तुम्हाला माहीत नाही. मलाही गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

तुमच्या निरोपाचं ठरलं तेव्हा मी धीर करून आईला म्हटलं, "आई, बाबांच्या वेळी ती जी माणसं आली होती ना..." आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माईंची होती. मला माहितीये."

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"अगं, जन्म काढला त्यांच्याबरोबर. त्यांना पोचवायला कोण येईल आणि कोण नाही, हे मला कळत नव्हतं का? पण म्हटलं, आलीच आहेत तर येऊ दे."

मग तिने सगळं सांगितलं. त्या दिवसानंतर थोड्याच दिवसांत पार्लरवाल्या ताई आमच्या घरी गेल्या होत्या. मी बेकरीत होते. गेल्या होत्या भांडायलाच. "तुमच्या माणसापायी आमची माई चुकली. धावत गेलो, पुढच्यांना दर्शन झालं, मला मात्र गर्दीत नुसती गाडीची पाठ दिसली." आईने सगळं ऐकून घेतलं. चहा केला. ताईंचा चहा पिऊन झाल्यावर चपला घातल्या आणि म्हणाली, "त्यांचं घर दाखवा मला."

"कशाला?"

"तुमची माणसं माझ्याकडे आली. माझ्याकडून तुमच्याकडे कुणीच गेलं नाही. हे बरं दिसत नाही."

आणि दोघी माईंच्या घरी गेल्या. साहेब, तुम्हीच दार उघडलंत ना? आईने तुम्हाला सांगितलं, "तुमच्या आईची काही जवळची माणसं त्या दिवशी तिच्यापाशी दिसली नसतील. ती हयगय करून राहिली नाहीत. ती माझ्याकडे होती. माझ्या माणसाला त्यांनी फार मायेने पोचवलं. हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून आले." तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी ती ताईंबरोबर तुमच्याकडे येते. मला वाटायचं, ती केस कापायला जाते! आणि ताई, तुम्ही! एवढी वर्षं माझ्या आईच्या डोक्याला तेल लावून देताय, एक अक्षर बोलला नाहीत!

मी आईला विचारलं, "मग काकांना का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "त्यांनी एवढ्या मायेने झाकून ठेवलं होतं. मी कशाला उघडायचं? पण आता ते चाललेत. माईंना पोचवायचं आपल्याकडून राहून गेलं, असं मनात घेऊन त्यांनी जाऊ नये."

काका, म्हणून हे सांगितलं. तुमच्या वतीने माईंच्या दारात कुणीतरी गेलं होतं, आणि दर वर्षी जात होतं.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि मंडळाचे मनापासून आभार. साहेब आवर्जून आले, त्यांचे आभार. त्या दिवशी थांबलेल्यांचे आभार, आणि गेलेल्यांचेसुद्धा, कारण माईंजवळही कुणी हवंच होतं. वेळ जास्त घेतला. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आता काकांना फुलं द्यायला मी माझ्या आईला वर बोलावते. सावकाश ये गं. पायऱ्या उंच आहेत, कुणीतरी तिला हात द्या. काका, तुम्ही बसा, सत्कारमूर्तींनी उठायचं नसतं... बरं. तुम्हीच द्या हात.