ऊन लागत नाही

(भर दुपार. रोपवाटिका. काकांच्या हातात एक करपलेलं पान.)

ताई : पाणी कमी पडलेलं नाही, काका. हे पान उन्हानं भाजलंय. गच्चीवर नेलं का झाड?

काका : कुठलं नेतो? मागच्या अंगणात, बायकोनं लावलं तिथंच आहे. तुमच्याकडूनच नेलं होतं तिनं, नऊ वर्षं झाली.

ताई : आठवतात की काकू. मोठ्या झाडाखाली ओलसर जागा होती ना? हल्ली फिरकल्या नाहीत.

काका : थंडीत गेली ती.

ताई : अरेरे. मला काहीच कळलं नाही हो.

काका : ते मोठं झाड म्हणालात ना, ते मी तोडलं. महिना झाला.

ताई : तोडलं? कीड लागली होती?

काका : छे, ठणठणीत होतं. पण या बुटक्याला पाणी घालताना ती रोज म्हणायची, ‘याला ऊन लागत नाही हो.’ मी आपला पेपरात तोंड खुपसून. म्हणायचो, बघू. सगळी वर्षं बघू-बघूच केलं. ती गेल्यावर म्हटलं, आता तरी तिचं ऐकावं.

ताई : काका, जरा स्टुलावर बसा.

काका : उभाच बरा आहे. खत कोणतं घालू, तेवढं सांगा.

ताई : ते वाक्य माझं आहे, काका. मीच काकूंना सांगितलं होतं. हे आपल्याच रानातलं झाड, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. याला ऊन लागत नाही. म्हणजे, उन्हाची गरज नसते.

काका : गरज नसते.

ताई : हो.

काका : म्हणजे ती तक्रार करत नव्हती.

ताई : कौतुक करत असतील.

काका : एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिनं कधी काही मागितलं नाही. हे एकच मागितलं, असं मला वाटलं होतं. आणि तेच नेमकं मारून बसलो.

ताई : मेलं नाही अजून. देठ हिरवा आहे, बघा. आजच्या आज वरून सावली करा. चार काठ्या रोवा, जुनी चादर ताणून बांधा. शेजारी लावायला भराभर वाढणारं काहीतरी देते, तीन वर्षांत सावली धरेल.

काका : तीन वर्षं.

ताई : तोवर चादर. आहे ना घरात?

काका : चादरी ढीगभर आहेत. पण साधी घडी घालायची तरी दुसरं टोक तिच्या हातात असायचं.

ताई : थांबा काका. फाटकाला कुलूप लावते.