आडात उतरलेलं ऊन

अलीझा : थांबा बालाजीमामा! मुरूम ओतू नका. आधी आत बघा!

बालाजी : काय बघू, पोरी? लई सालांपासून कोरडा आड हाय. बुजवायचा अन् वर क्लासच्या पोरांसाठी खोल्या काढायच्या. तुझ्या अब्बानंच सांगितलंय.

अलीझा : कोरडा नाही, झोपलेला होता. काल कठड्याला कान लावून पडले होते, तर आतून टिप्... टिप्... जसं कुणी झोपेत बोलतंय.

निजामोद्दीन : उन्हात कठड्यावर पडतेस? पागल झालीस काय, बेटा? बालाजी, तू टाक.

अलीझा : एक मिनिट, अब्बा! मामा, जिवंत झरा बुजवाल तुम्ही?

बालाजी : न्हाई गं माय. जित्ता झरा बुजवणं पाप हाय.

अलीझा : मग हा घ्या अम्मीचा आरसा. ऊन पकडा आणि आत सोडा.

(बालाजी आरसा तिरपा धरतो. कवडसा आडात उतरतो.)

बालाजी : पारव्याचं घरटं... ओली कपार... आन् हे काय! निजामभाई, ऊन हलून राहिलंय!

निजामोद्दीन : ऊन कसं हलेल? दे इकडं... या अल्ला! मे महिन्यात पाणी? अख्खी गल्ली टँकरची वाट बघतेय!

अलीझा : परीक्षा संपल्या, अब्बा! आजूबाजूच्या होस्टेलची क्लासवाली पोरं गावाला गेली, तिथल्या बोअरच्या मोटारी बंद. कुणी ओढेना, तसं पाणी हळूहळू वर आलं. मला तर वाटतं, खाली सगळ्यांचं मिळून एकच पाणी आहे, आणि आपली गल्ली त्यावर तरंगतेय.

निजामोद्दीन : त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नळ बंद होते, तेव्हा सगळे ह्याच आडाचं पाणी प्यायले... पण जूनमध्ये मोटारी पुन्हा चालू होतील. मग?

अलीझा : तोवर पाऊस येईल. आपल्या छताचं पाणी गाळून यात सोडू. होस्टेलवाल्यांनाही सांगते, तुमच्या गच्च्यांचं पाणी मुरवा.

निजामोद्दीन : ते तुझं ऐकतील?

अलीझा : इथं आणून दाखवते ना! आणि खोल्या आपल्या घरावरच मजला चढवून काढू.

निजामोद्दीन : वर नको. त्या भूकंपापासून वरच्या मजल्याचं नाव काढलं तरी काळीज हलतं माझं. म्हणून तर आड बुजवायला निघालो.

बालाजी : पाया मी बघतो, निजामभाई. सळई घालून पक्का मजला उठवू. भ्यायचं न्हाई.

अलीझा : अब्बा, त्या भूकंपात हा आड तर ढासळला नाही ना? मग त्याच जमिनीवर पक्का मजला का नाही टिकणार?

निजामोद्दीन : बालाजी, मुरूम परत ने. उद्या गाळ काढायला ये. अलीझा, आडाचा दोर कुठंय?

अलीझा : त्यावर तर अम्मीनं कपडे वाळत घातलेत.

निजामोद्दीन : मग कपडे काढ, बेटा.