बटणांचे पैसे

नाही, पण तुम्हीच सांगा, बिस्किटात दारू कुठून येणार? बिस्किटाची कंपनी हो ती. मैदा, साखर, पुड्यावर हसरं बाळ. पंचवीस वर्षं चहात बुडवून खातोय, कधी झिंगलो नाही. आणि आमच्या हिनं त्या कंपनीचे शेअर विकून टाकले होते, सगळेच्या सगळे. का, तर म्हणे वार्षिक अहवालात पान एकशे बारा, तळटीप सात, बारीक अक्षरात लिहिलंय की कंपनीनं दारूच्या कारखान्यात भागीदारी घेतली... बसा ना, उभे का? तुमच्या कोटाला अजून दहा मिनिटं आहेत. त्या इस्त्रीपासून जरा लांब बसा, वाफ येते. आणि तुमच्यात कुणाची नजर चांगली असेल तर एवढी सुई ओवून द्या. चष्मा घरी राहिलाय माझा. हां, शाब्बास.

तर काय सांगत होतो? ही. तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ही या लाँड्रीत आली आणि पहिल्याच महिन्यात वाटणी झाली. धुणं, डाग काढणं, इस्त्री माझी. तुटलेली बटणं, उसवलेली शिवण, पँटची बिघडलेली चेन हे हिचं, आणि त्याचे पैसेही हिचे. मी म्हटलं, ठेव बाई, बटणांच्या पैशांत कुठलं राज्य येणार आहे? नवी नवरी, मी जरा उदार झालो होतो. आता कळतंय की उदार व्हायच्या आधी माणसानं बसून विचार करावा.

मला वाटलं, बांगड्या घेईल. हिनं शेअर घेतले. दर महिन्याला, थोडे थोडे, पण घ्यायच्या आधी कंपनीचा वार्षिक अहवाल मागवायची. एवढा जाड. आणि दुपारी दुकान थंड असलं की या काउंटरवर पट्टी घेऊन बसायची, ओळीखाली पट्टी, ओळ संपली की पट्टी खाली. मी म्हणायचो, अगं, साबणाची कंपनी आहे, साबण बनवतात, त्यात काय वाचायचं? मान वर न करता म्हणायची, "आधी वाचू तर द्या."

कारण कमाई हलाल हवी. व्याज नको, दारू नको, जुगार नको. बरं, हे मलाही माहीत होतं, मी काय परका आहे? पण माझं हलाल म्हणजे दुकानावरची पाटी बघून ठरवायचं. हिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांनी लेकीला शिकवलेलं, मागचं झाकण उघडल्याशिवाय घड्याळाला चांगलं म्हणायचं नाही. ही कंपन्यांची झाकणं उघडते. धंदा कशाचा, हे तर झालंच. कर्ज किती? कंपनीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं की ही बाहेर. व्याजाबिजाची भलती कमाई शंभरात पाचाच्या वर गेली, बाहेर. माझं शिक्षण पावती लिहिण्यापुरतं, पण हिचंही फार नाही हो. अकाउंटच्या माणसाला येणार नाहीत असे प्रश्न ही बटण लावता लावता विचारते. मी आ वासून बघत राहतो. बायकोसमोर आ वासून उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून मी मग चिडतो.

आणि शंभरात पाचाच्या आत असली तरी ती भलती कमाई ठेवून घ्यायची नाही. लाभांश आला की त्यातला तेवढा भाग वेगळा काढायचा आणि देऊन टाकायचा. मी म्हटलं, म्हणजे दान. म्हणाली, "दान नाही. जकात, गरिबांचा हक्काचा वाटा, ती मी वेगळी देते. ह्याचं पुण्य, सवाबही मागायचा नाही. हा नुसता डाग आहे, तो काढायचा." आता डाग हा शब्द तिनं कुणाकडून उचलला? माझ्याकडून. आणि त्या शब्दानं माझी काय फजिती केली ऐका. आमच्याकडे डागाच्या कपड्याला चिठ्ठी टाचतात, 'डाग, काढणे'. काउंटरवर एक जाड कापडी पाकीट पडलेलं, त्यावर हिच्या अक्षरात चिठ्ठी, 'डाग, काढणे'. मी इमानदार माणूस. औषधाच्या पाण्यात घातलं, तासभर भिजवलं, ब्रशनं घासलं, मशिनला लावलं. पिळून काढलं तर आतून नोटा.

लोक पैसे धुतात असं आपण पेपरात वाचतो. मी खरोखर धुतले, वर पिळून काढले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही आली, एक एक नोट उलगडली, दोन रुमालांच्या मधे ठेवली, मंद इस्त्री फिरवली, आणि त्याच दिवशी दवाखान्याच्या पेटीत टाकून आली. जाताना दारातून एवढंच म्हणाली, "चिठ्ठी उलटून वाचायची. मागं लिहिलं होतं, दवाखाना."

बरं, हे सगळं करून पैसे वाढले असते तर मी गप्प बसलो असतो. पण आधी काय झालं, एका वर्षी शेअरबाजार कोसळला. माझा मेहुणा, हिचाच सख्खा भाऊ, धापा टाकत दुकानात. "ताई, विक, विक, सगळं बुडालं, लोक पळतायत!" त्याला धाप लागली की मलाही लागते. मीपण सुरू, विक, विक. ही पँटची खालची पट्टी दुमडून शिवत होती. म्हणाली, "कारखाना बंद पडलाय का त्यांचा?" नाही. "आपण अजून त्यांचाच साबण वापरतो ना?" वापरतो. "मग?" आणि त्या महिन्यात हिनं शेजारच्या शाळेच्या दोनशे गणवेशांची बटणं अंगावर घेतली, बोटं सुजली, आणि त्या पैशांचे आणखी शेअर घेतले. मेहुण्यानं कपाळाला हात लावला. मी दोन लावले.

आणि पंपाची कंपनी? ती आठवली की अजून पोटात दुखतं. चांगली वाढणारी कंपनी, तिनं कर्ज काढलं, तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं, हिनं विकली. त्यानंतर ती दुप्पट झाली. तुम्हाला वाटेल, पुढे बुडाली असेल, हिचंच खरं ठरलं असेल. छे. अजून वर आहे. मी तीन वर्षं टोमणे मारले. नळाला पाणी आलं की म्हणायचो, पंप चाललाय बघ कुणाचा तरी. एकदा फक्त म्हणाली, "गेला तो नफा माझा नव्हताच." आणि पुढचा अहवाल उघडला. तुम्हाला सांगतो, एवढा नफा हातातून गेल्यावर मी आठवडाभर जेवलो नसतो. हिला झोप लागली. मी उठून खात्री केली, खरंच लागली होती.

असो. मागच्या वर्षी दुकानाचे मालक आले. आमच्याच लाँड्रीतला पांढरा शर्ट घालून आले आणि म्हणाले, "जागा विकतोय. मोबाइलवाला मागतोय. तुम्ही जुने म्हणून तीन महिने देतो." माझ्या पायाखालची जमीनच... जमीनच विकायची होती ना त्यांना. तीस वर्षांची जागा हो. ह्या भिंतीवर वाफेचे डाग माझे आहेत. ही जागा गेली तर ह्या वयात मी दुसऱ्याच्या दुकानात इस्त्री करणार? खरं सांगतो, मागच्या खोलीत जाऊन कपड्यांच्या ढिगात तोंड घालून रडलो. कुणाची तरी चादर होती, परत धुवावी लागली.

मग मी बँकेत गेलो. तिथला टायवाला काय गोड. "काका, काही टेन्शन नाही, इथे सही, इथे सही, आणि इथे." मी म्हटलं, नाइलाज आहे, अल्ला माफ करेल. फॉर्म घेऊन घरी आलो, पेन उघडलं, आणि ही म्हणाली...

बरोबर. "आधी वाचू तर द्या."

छत्तीस पानं वाचली. पट्टी लावून. मग फॉर्म मिटला आणि म्हणाली, "व्याजाचं दुकान नको. त्यात कपडे धुतले तरी स्वच्छ वाटणार नाहीत मला." माझा तोल गेला. म्हटलं, मग काय रस्त्यावर धुऊ? तुझ्या तळटिपा वाळत घालू? फार बोललो. बोलू नये ते बोललो. ही उठली, एक फाइल आणली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "हे वाचा." मी आयुष्यात पहिल्यांदा पट्टी लावून वाचलं. शेवटच्या ओळीवर पट्टी थांबली ती थांबलीच. मी विचारलं, हे कुणाचं? म्हणाली, "बटणांचं."

दुकानाच्या किमतीचे चारातले तीन हिस्से. बटणांचे. बावीस वर्षं, दर महिन्याला, एक महिना चुकला नाही, लाभांश आला की डाग काढून उरलेला पुन्हा आत. आणि मी ह्या बाईला शहाणपण शिकवत होतो. त्या दिवशी मी तिला चहा करून दिला. साखर विसरलो, पण प्यायली.

उरलेला चौथा हिस्सा? मालकाला बोलावलं. ही म्हणाली, "दोन वर्षांत देऊ, पण व्याज नाही." मालक म्हणाले, "मग मला काय मिळणार?" ही म्हणाली, "किंमत आत्ताच वाढवून सांगा. पण एकदाच सांगा, नंतर बदलायची नाही." मालकांनी आकडा वाढवून सांगितला, मग म्हणाले, "वहिनी, एवढे पैसे आणले कुठून?" हिनं त्यांच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "वरून तिसरं बटण माझं आहे. कफांची दोन्ही. कॉलरचं मागच्या महिन्यात लावलं." बावीस वर्षं त्या माणसाच्या शर्टांना हिनं बटणं लावली आणि त्याच्याच पैशांत त्याचंच दुकान घेतलं, आणि तो कपडे न्यायला आल्यावर पावती देतो तसा कागद देऊन गेला. मी थक्क. अजून थक्क आहे. सकाळी शटर उघडताना वर बघतो आणि थक्क होतो, मग आत येतो.

फक्त एक झालं. पैसे हिचे, म्हणून दुकान हिच्या नावावर. आणि मी? भाडेकरू. हिनं मशिदीत विचारून घेतलं, भाडं हलाल आहे. रीतसर कागद केला, माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं आण, सही करतो. म्हणाली, "आधी वाचा तर." मी म्हटलं, बायकोचं काय वाचायचं? खुशीत होतो ना. केली सही.

ह्या महिन्यात भाड्याला चार दिवस उशीर झाला. मी हसत म्हटलं, लाव व्याज. कानाला हात लावला तिनं. "व्याज? तौबा. कलम नऊ बघा." बघितलं. उशीर झाला तर व्याज नाही, पण त्या महिन्याची सगळी बटणं भाडेकरूनं लावायची. आणि त्याचे पैसे तिलाही नकोत, दंडाचे ना ते, ते जाणार डागाच्या पाकिटात. म्हणजे मी बोटं टोचून घ्यायची आणि सवाबसुद्धा मिळायचा नाही.

तर हा घ्या तुमचा कोट. बटण जरा डावीकडे गेलंय, पोट आत घेतलंत तर लागतं. आणि आतल्या अस्तराला... हो, रक्तच आहे ते, माझंच. ओरडू नका. पावतीच्या मागं बघा, बारीक अक्षरात आहे, 'डागाची जबाबदारी दुकानाची नाही.' घेताना वाचलं नव्हतंत ना?

मीही नव्हतं वाचलं.