हिऱ्याखालचं बेसन

मंजुळा : ह्या अंगठीचा रंग भांड्यांचा हाय, किरीटभाय. माज्या मांडनीवर असल्या रंगाची पातेली हायत. त्यांना कोनी सुनेच्या साखरपुड्याला नेत न्हाय.

किरीटभाई : अरे मंजुळाबेन, हे प्लॅटिनम छे! स्टील नथी. जरा हातात घेऊन वजन तर बघा.

मंजुळा : वजन आमच्या बोरिंगच्या पायपालापन हाय.

रसिका : आई, मी सांगते. क्लिनिकमध्ये दर पेशंटच्या आधी हात धुवायचे, नंतर धुवायचे, ग्लोव्हज चढवायचे, ओढून काढायचे. प्लॅटिनमला ओरखडे पडतात, पण ते सहसा झिजत नाही. शिवाय हिरा घट्ट धरून ठेवतं.

मंजुळा : लोकांच्या तोंडात हात घालतेस म्हनून धुतेस, ते बरोबरच हाय गो. पन रविवारी कोनाच्या तोंडात हात घालनार हायस? पेढा भरवशील तेवढाच.

किरीटभाई : तो फिर व्हाईट गोल्ड. दिसायला सेम.

रसिका : नको. त्याच्यावर रोडियमचा मुलामा असतो. वर्ष-दोन वर्षांत उडाला की पिवळट दिसतं, मग परत चढवायचा.

मंजुळा : म्हंजे देवानं पिवळं दिलेलं सोनं पांढरं रंगवायचं, आनि रंग उडाला की पिवळं दिसतंय म्हनून रडायचं. आमच्या हायवेकडचे बिल्डर असाच धंदा करतात. त्यांना निदान लाज तरी वाटते, रात्रीचा रंग मारतात.

किरीटभाई : मग अठरा कॅरेट येलो. हिऱ्यासाठी बेस्ट. सगळे तेच घेतात.

मंजुळा : अठरा? वरचे चार कुठं गेले?

किरीटभाई : गेले नाही कुठे. तांबा-चांदी मिक्स करावी लागते, मजबुतीसाठी.

मंजुळा : दूधवाला पन असंच बोलतो. शी! साखरपुड्याच्या अंगठीत मिक्स! ही बग, माझी. बावीस. मी बसले होते सोनाराच्या छातीवर. तो पन अठरा-अठरा करत होता. बोलले, बावीस घालायचं तर घाल, नायतर हिरा परत दे, मी नुस्ता हिराच पदराला बांधते.

किरीटभाई : बावीस मऊ असते, बेन. हिरा सोन्याच्या चार नखांवर उभा असतो. नखं मऊ, तर—

मंजुळा : नखं मऊ असतील तुमच्यात. हिरा हाय का जागेवर? एवढी वर्सं झाली. भाकऱ्या थापल्या, बोंबील साफ केले, दोन नंदांची बाळंतपनं केली. हालला का?

रसिका : ही अंगठी तुम्ही कधीच काढली नाही?

मंजुळा : काढून ठेवू कुठं? मोरीच्या कट्ट्यावर ठेवली की नंद बोटात घालून बघते, "वैनी, मला पन बसते गो" बोलते. एकदा बसली की ती उठत न्हाय.

रसिका : पीठ मळतानाही नाही?

मंजुळा : न्हाय.

रसिका : मासे साफ करताना?

मंजुळा : न्हाय बोलले ना! हिरा हाय तो, त्याला काय वास लागतोय?

किरीटभाई : बेन, हिऱ्याला तेल फार आवडते. तूप, क्रीम, केसाचा तेल, जे मिळेल ते चिकटवून घेतो. म्हणून तर कोमट पाणी, थोडासा साबण, मऊ ब्रश—

मंजुळा : मी दर दिवाळीला घासते. तांब्यांच्या बरोबर. चिंच आनि मीठ लावून.

किरीटभाई : हे भगवान.

मंजुळा : आनि मधी मधी टूथपेस्ट.

रसिका : आई, टूथपेस्ट नको. त्यात खरखरीत पावडर असते. सोन्याला ओरखडे जातात.

मंजुळा : सोन्याला ओरखडे जातात ती तू लोकांना दाताला लावायला सांगतेस? शी, शी, शी. चला, कामाचं बोला. किरीटभाय, ह्या बोटातला हिरा काढायचा आनि हिच्या अंगठीत बसवायचा. रविवारी अख्खं काशीगाव येनार हाय. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमची जमीन आता सुनेच्या बोटात जानार.

रसिका : आई, खरं सांगू? नवीन हिरा घेऊ ना. मी घेते.

मंजुळा : का? ह्याला काय झालं?

रसिका : काही नाही. तुमची आठवण आहे, तुमच्याकडेच राहू दे.

मंजुळा : तोंड वाकडं करून बोललीस.

रसिका : नाही हो. प्रणय येऊ दे, मग ठरवू.

मंजुळा : त्याला पार्किंग मिळालं तर येईल. आमचं शेत होतं तवा माझा पोरगा सायकल कुठंपन टाकायचा. काढा हो अंगठी.

किरीटभाई : थोडा साबणाचं पाणी… बोट ढिला सोडा… अजून… हां. आली!

मंजुळा : अगो! बोट बग कसं झालंय. पान्यात भिजल्यासारखं पांढरं.

किरीटभाई : आता मशीनखाली ठेवतो. मोठ्या स्क्रीनवर दिसेल. नवीनच लावलाय. गिऱ्हाईकला पारदर्शकता पाहिजे असते.

रसिका : हे काय आहे?

किरीटभाई : हिऱ्याची खालची बाजू.

रसिका : हिरा कुठाय?

किरीटभाई : याच्या आत.

मंजुळा : शी! बंद करा ते! कोनाची अंगठी लावलीत?

किरीटभाई : तुमचीच, बेन.

मंजुळा : ही माझी न्हाय. माझी धुतलेली हाय.

किरीटभाई : वरून धुतलेली आहे. हे आतलं. बघा, खाली काळं काहीतरी, आणि हे पिवळं, हे बेसन. जुना बेसन. पापडासारखा झालाय. त्याच्या बाजूला चमकते ते—

रसिका : खवला आहे. माशाचा.

किरीटभाई : मी जैन माणूस, मला नाही ओळखता आलं.

रसिका : आणि तो केस कुणाचा?

मंजुळा : ह्यांचा. काळूरामचा. माझे केस कधी एवढे सरळ न्हवते. माझी बोटं डोक्यातून फिरवून घेतो रोज, तेल लावून दे बोलतो. बघा आता! साऱ्या दुकानात त्याचं टक्कल दाखवतायत!

किरीटभाई : ती समोरच्या काउंटरवरची फॅमिली उठून चालली. मी स्क्रीन बंद करतो.

मंजुळा : आता बंद करता! सगळ्यांनी बघून झाल्यावर! पारदर्शकता बोलतो. मेली ती पारदर्शकता.

रसिका : एक मिनिट, मला जरा पाणी द्या. मळमळतंय.

मंजुळा : तुला मळमळतंय? तू दाताची डॉक्टर! लोकांच्या दाढेत आठवड्याची भाजी सापडते तुला, तूच जेवताना सांगत होतीस. माझं जेवन पानात राहिलं त्या दिवशी.

रसिका : ती पेशंटची असते, आई. ती मला बोटात घालून हॉलमध्ये फिरायची नसते.

मंजुळा : म्हंजे माझा हिरा नको.

रसिका : मी तसं म्हटलं नाही.

मंजुळा : तसंच बोललीस. बरोबर हाय. मला पन नको झालाय. शी! एवढी वर्सं ह्या हातानं लोकांना जेवाय वाढलं मी. भावकीला, बिल्डरला, तुझ्या आईबापाला पन. तुझी आई दोनदा बोलली, मंजुळाताई, वडीला काय चव हाय.

रसिका : हे मी आईला सांगणार नाही.

किरीटभाई : टेन्शन नाही लेने का. साफ करून देतो. अल्ट्रासोनिक मशीन आहे, पाण्यात थरथर होते, सगळं निघते. फक्त आधी हिरा ढिला नाही ना ते बघतो. चिमट्याने हलवतो… नाही. एकदम फिट. पहाडासारखा.

मंजुळा : बघितलंस? बावीस.

किरीटभाई : टाकतो मग.

(यंत्राची घरघर सुरू होते.)

रसिका : ही घेतली कधी तुम्ही?

मंजुळा : जमीन गेली तवा. हायवेच्या बाजूची. आता टॉवर हाय, खाली जिम हाय, लोक पैसे देऊन घाम काढतात तिथं. आम्हाला फुकट निघायचा. सही झाली आनि काळूराम घरी येऊन बोलला, मंजुळा, एक वस्तू तुझ्यासाठी घेतो, बाकी सगळं भावांत वाटलं जाईल. मी बोलले, हिरा घे. सोन्याचं मंगळसूत्र नंदेच्या लग्नात मोडतात. हिरा कोन मोडतंय?

रसिका : म्हणून हिला "जमीन" म्हणालात.

मंजुळा : बिल्डरनं त्या वर्सी काम लवकर सुरू केलं न्हाय. काळूराम बोलला, पडीक का ठेवायची, एक शेवटचा भात लावून घेऊ. तर मी अंगठी घालूनच लावनी केली. बाया हसत होत्या. बोलत होत्या, मंजुळा, हिरा पेरतेस काय गो? चिखलात असा हात घातला की वर काढेस्तोवर दिसायचा न्हाय. मंग धुतला की चमकायचा.

रसिका : अंगठी घालून लावणी?

मंजुळा : काढली असती तर नंद बसलीच होती बांधावर.

किरीटभाई : अरे.

रसिका : काय झालं?

किरीटभाई : नाही, कुछ नहीं. एक मिनिट.

मंजुळा : "कुछ नहीं" बोलून अंगठीतलं भोक दाखवताय मला. हिरा कुठाय?

किरीटभाई : आहे, आहे! जाळीत आहे. खाली पडलाय. हे बघा. काही नाही झालं, साफ झालाय, एकदम फर्स्ट क्लास.

मंजुळा : तुमी पाडलात!

किरीटभाई : बेन, कसम से, तुमच्यासमोर हलवून बघितला. हलत नव्हता. थांबा, स्क्रीन लावतो… बघा तुम्हीच. नखं बघा.

रसिका : नखं आहेत कुठे?

किरीटभाई : तेच तर. घासून सपाट झाली. कधीची गेली असतील. बावीस कॅरेट, वर चिंच, वर टूथपेस्ट.

मंजुळा : मंग एवढी वर्सं हिरा धरला कोनी?

किरीटभाई : आता कसं सांगू…

रसिका : त्या घाणीने.

किरीटभाई : हां. मतलब, होतं असं.

रसिका : होतं. माझ्याकडे आजोबा येतात, हिरड्यांवर चुन्यासारखा टार्टर घेऊन. मी नाक मुरडत तासभर खरवडते. दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. "मॅडम, साफ केलंत आणि दात हलायला लागला." दात आधीच सुटलेला असतो, त्या घाणीनेच धरलेला असतो. रोज सांगते मी हे लोकांना. आज माझ्या डोक्यातच आलं नाही.

मंजुळा : म्हंजे बावीस कॅरेटनं न्हाय.

रसिका : नाही, आई.

मंजुळा : बेसनानं.

रसिका : बेसनाने, तेलाने. बाबांच्या केसाने.

मंजुळा : बघ ना गो. मी सगळ्यांना सोनं दाखवत होते.

किरीटभाई : आता एक करा, बेन. अंगठी पिवळी ठेवू, अठराची, गावाला सोनं दिसेल. वरची नखं प्लॅटिनमची देतो. हिरा हलणार नाही. फक्त सहा महिन्यांनी दाखवून जा, घरी वेगळ्या डबीत ठेवा, दुसऱ्या दागिन्याला हिरा ओरबाडतो. आणि ब्लीच, फिनेल, पीठ—

रसिका : काढून ठेवीन.

मंजुळा : तू घेनार हायस ही?

रसिका : तुमची नणंद तुम्ही आवरा. तिच्यासमोर काढणार नाही मी.

मंजुळा : तुला तर मळमळत होतं.

रसिका : अजून मळमळतंय. किरीटभाई, ते मशीनमधलं पाणी कुठे ओतणार?

किरीटभाई : ओतत नाही, मॅडम. डब्यात जमा करतो. त्यात सोन्याचा कण असतो ना. दुकानाची झाडलेली धूळ, हे पाणी, सगळं तो कण वेचणारा झारेकरी घेऊन जातो. धंद्याचा रिवाज आहे.

मंजुळा : शी! आमची घान विकता तुम्ही?

किरीटभाई : घाण नाही बेन, त्यातला कण.

रसिका : मला हवंय ते. एका बाटलीत भरून द्या.

किरीटभाई : मॅडम, रिवाज—

रसिका : सोन्याचा कण तुम्ही गाळून घ्या. बाकीचं द्या.

मंजुळा : काय करतेस गो? टाक ते. वास येतोय त्याला!

रसिका : कुंडीत घालीन. गॅलरीत.

मंजुळा : कुंडीत? बेसन आनि खवल्यात काय उगवनार?

रसिका : त्यात फक्त बेसन नाहीये, आई. सगळ्यात खाली काळं होतं ना स्क्रीनवर, अगदी हिऱ्याला लागून? तो चिखल आहे. तुमच्या त्या लावणीचा असेल.

किरीटभाई : ही घ्या बाटली. झाकण घट्ट लावलंय. आडवी धरू नका.

मंजुळा : दे इकडं. मी धरते.

रसिका : वास येतोय म्हणालात.

मंजुळा : येतोय ना. भात व्हायचा तिथं.