कारणाचा रकाना

इतकी वर्षं मी भूल द्यायला शिकवतोय, पण मला शिकवलं डोंगरकड्याच्या एका आईनं. तिच्या लेकराचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मी विचारलं, "सकाळपासून काही दिलं का?"

"न्हाई."

माझ्या विद्यार्थ्यानं विचारलं, तरी "न्हाई."

स्ट्रेचर ढकलता ढकलता वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "लई रडलं असंल गं उपाशी. मग काय पाजलंस?"

"वाटीभर दूध."

भुलीत ते दूध उलटून फुप्फुसात गेलं असतं. ऑपरेशन पुढं ढकललं. मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"काल शेजारच्या खाटेवरल्या बाईनं तिच्या लेकराला ऑपरेशनआधी बिस्किट दिलं, तर तुमी तिच्यावर किती वरडले, साहेब."

पुढं ढकललेल्या ऑपरेशनांच्या वहीत, कारणाच्या रकान्यात विद्यार्थ्यानं लिहिलं, 'आईने माहिती लपवली.' मी ते खोडून लिहिलं, 'डॉक्टर ओरडतात.'