फुगे भरण्याच्या खोलीतली दुपार

जबाब देणार : हवामान संशोधन केंद्रातील फुगेवाली. वय ३७. धंदा नोकरी. राहणार केंद्रामागील वसाहत, पती, सासूबाई व धाकटे दीर यांच्यासह. पूर्ण नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे.

मी कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात येऊन सांगते की,

केंद्रात मला अकरा वर्षे झाली. फुग्यात गॅस भरून, खाली मोजणीची डबी बांधून, ठरल्या वेळी तो सोडणे हे माझे काम. डबी वर जाताना हवेतली उष्णता व ओल मोजून आकडे खाली पाठवते. यंदा चार देश मिळून मोसमी पावसाचा अभ्यास करत आहेत. चारही ठिकाणी फुगे एकाच वेळी, आमच्याकडे दुपारी चारला, सुटतात. त्यासाठी परदेशी शास्त्रज्ञ बाई सात आठवड्यांपूर्वी आल्या. त्यांची डबी व आमची डबी एकाच फुग्याला बांधून आम्ही दोन्हींचे आकडे ताडून पाहत असू. त्या मला ताई म्हणत. मराठी मोडकंतोडकं बोलत, पण बोलत.

त्या आल्यावर पंधरा दिवसांत पावसाने ओढ दिली. डबीत ढग पळवायचे औषध आहे अशी आवई उठली. दीर घरी जेवताना तेच बोलत. मी हसण्यावारी नेले.

काल दुपारी साडेतीनच्या सुमारास चाळीसेक माणसे कुंपण पाडून आत आली. पहारेकऱ्याचे डोके फोडले. मग आमच्या खोलीचे दार फोडले. सर्वांत पुढे दीर होते. हातात पहार होती. मी म्हटले, "भाऊजी, घरी जा." ते म्हणाले, "वहिनी, बाजूला व्हा. तुमच्याशी भांडण नाही."

बाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "ढग पळवत नाही. मोजतो फक्त."

"मोजून पाऊस आणलास का?" असे म्हणून दिरांनी पहार मारली. ती खांद्यावर बसली. बाई टेबलावर कोसळल्या. दुसरा घाव डोक्यावर बसला. तिसरा मी पाहिला नाही, आवाज ऐकला. मी सिलिंडरचा पाना उचलून दिरांच्या डोक्यात मारला. ते पडले. रक्त बघून लोक पळाले.

बाई तेव्हा जिवंत होत्या. त्यांनी किती वाजले ते विचारले. मी चारला दहा कमी असे सांगितले. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत, दवाखान्यात नेण्याआधीच गेल्या.

दीर दवाखान्यात आहेत, शुद्धीवर नाहीत. माझ्या लग्नात ते नऊ वर्षांचे होते. त्यांचा शाळेचा डबा मी भरत असे. पती म्हणाले, "चेंगराचेंगरीत पडला म्हण. त्या लोकांतलं कोण सांगायला येतंय?" सासूबाईंनी माझे ताट वाढून पुढे ठेवले. मी जेवले नाही, इकडे आले.

बाईंना सोडवण्यासाठीच मारले ना, असे ठाण्यातील साहेबांनी विचारले. पहिल्यांदा त्यासाठीच मारले. पण मी दोनदा मारले. दुसऱ्यांदा मारले तेव्हा दीर खाली पडलेले होते व पहार त्यांच्या हातात नव्हती.

लिहिलेले साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. शेवटचे वाक्य ठेवू का, असे त्यांनी विचारले. मी "ठेवा" म्हटले. बाकीही मी सांगितले तसेच आहे.